पाच वाव केबल

नंदुरबारच्या रस्त्यांवर मिरची दिसण्याआधी तिचा ठसका येतो. दिवाळी सरते, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरची सुकवायच्या पथाऱ्या लागतात, आणि एके दिवशी वारा फिरला की सगळं गाव एकदम शिंकतं. परगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो. इथला माणूस शिंकतो, डोळे पुसतो आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलू लागतो.

यंदाही तसंच झालं. मोटारसायकल कडेला लावून मी पथारीचा फोटो काढला. दरवर्षी एक लागतो. लाल रंग पहिल्या पानावर चांगला उठतो. सोबतची बातमीही ठरलेली असते. आवक कशी आहे, ओला माल सुकायला किती दिवस लागतील, आभाळ काय म्हणतं. ही बातमी मी इतकी वर्षं लिहितो आहे की तिच्यात चूक व्हायला फारशी जागा उरलेली नाही.

चूक झाली ती फार आधीच्या एका हंगामात. तेव्हा मी बातमीदार नव्हतो. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि ती चूक एका प्रकल्पाच्या अहवालात, तिसऱ्या पानावर आहे. ती मी जाणूनबुजून लिहिली होती, त्यामुळे तिला चूक म्हणणंही तसं बरोबर नाही.

कॉलेज गावाच्या टोकाला होतं. प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीतून कुंपण दिसे आणि कुंपणापलीकडे पथारी. खिडकीची दोन तावदानं फुटलेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता. दुपारी वारा सुटला की पुठ्ठा थरथरे आणि ठसका आत येई. आमचे बोरसे सर फळ्याकडे तोंड करून शिंकत आणि खडू न उचलता समीकरण पुरं करत.

त्या वर्षी सरांनी कुठल्याशा विद्यापीठाने मोडीत काढलेली यंत्रसामग्री खटपट करून मिळवली. एक लोखंडी पेटी, तिच्यात सरकवायचे, सिग्नल हाताळणारे सात-आठ जुने विभाग, किरण टिपणारे दोन डिटेक्टर, आणि शिशाच्या डबीत एक क्षीण किरणोत्सारी स्रोत. टेम्पोतून पेटी उतरवायला आम्ही दोघे होतो. मी आणि दिलवर.

प्रयोग सांगायला सोपा आहे. त्या स्रोतातून एकाच क्षणी दोन गॅमा किरण निघतात, एक या दिशेला, दुसरा बरोबर उलट दिशेला. स्रोताच्या दोन्ही बाजूंना एकेक डिटेक्टर ठेवायचा. दोन्हींकडून सिग्नल केबलने पेटीत येतात. पेटी वेळेची एक अगदी अरुंद फट उघडते, आणि त्या फटीत दोन्ही सिग्नल सोबत आले तरच एक आकडा मोजते. एकटा आलेला सिग्नल तिच्या लेखी आलेलाच नसतो. म्हणजे जुळे किरण सापडतात आणि बाकीचा गोंगाट बाहेर राहतो.

अडचण अशी होती, की आमचे दोन डिटेक्टर सारखे नव्हते. एक प्लास्टिकचा होता, चपळ. त्याचा सिग्नल लगेच पोचे. दुसरा स्फटिकाचा. त्याचा सिग्नल जुन्या, संथ विभागांतून रमतगमत येई आणि चाळीस नॅनोसेकंद मागे पडे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. माणसाच्या हिशेबात हा उशीरच नव्हे. पेटीच्या हिशेबात मात्र तेवढ्यात दार उघडून बंद झालेलं असे.

सिग्नलला केबलचा एक मीटर कापायला सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात. म्हणून सिग्नलला उशीर करायचा असेल तर त्याच्या वाटेत जास्तीची केबल घालायची. मोठ्या प्रयोगशाळांत हल्ली संगणकाच्या पडद्यावर आकडा टाकला की काम होतं. आमच्याकडे उशीर कापून, मोजून, टोकांना कनेक्टर बसवून तयार करावा लागे.

दिलवरचं गाव डोंगरात, मोलगीच्या वर, जीपचा रस्ता संपतो तिथून पुढे पायी. घरात पावरी बोलत, आश्रमशाळेत तो मराठी शिकला, आणि नंदुरबारला येऊन आमची अहिराणी त्याच्या कानावर पडली. वर्गात प्रश्न विचारला की तो थांबे. सर खडू हातात धरून उभे राहत. वर्ग वाट पाही. मग उत्तर येई, आणि ते बरोबर असे. उत्तराआधीच्या त्या शांततेत मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडे, "थांबा रे, मोलगीले फोन लागी ऱ्हायना!" वर्ग हसे. दिलवरही हसे.

ओरडणारा बहुतेक वेळा मीच असे.

माझं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असायचं. तीन वर्षं वर्गात पहिला नंबर माझा होता. तरीही मी दिलवरचा मत्सर करत होतो, आणि याचं कारण तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. सर माझं उत्तर ऐकून पुढच्या प्रश्नाकडे वळत. दिलवरचं उत्तर ऐकून ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहत.

माझ्या घरीही तेच. त्याचे आईवडील दर हंगामात पथारीवर कामाला येत आणि तिथेच कडेला पाल ठोकून राहत. त्यामुळे त्या महिन्यांत तो वसतिगृह, प्रयोगशाळा आणि पथारी अशा तीन ठिकाणी असे, आणि अधूनमधून आमच्याकडे जेवायला येई. आई त्याच्या ताटात भाकरी वाढताना मला ऐकवे, "देख, कसा शांतपने खास तो. तू ते निस्ता गिळस." मी म्हणे, "त्याला वाढ अजून, मी कुठे नको म्हणतो?" आणि मग आई खरंच त्याला वाढे. त्या जादा भाकरीची नोंद माझ्या डोक्यात आजही आहे. ज्वारीची होती, कडेला थोडी करपलेली.

मत्सराचा एक गुण आहे. तो तपशील विसरत नाही. नंतर बातमीदारीत मला याचा उपयोग झाला.

सरांनी सांगितलेली गोष्ट अशी होती. दूरच्या एका मोठ्या शहरात, जिथे कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवतात अशा प्रवेगक केंद्रात, उन्हाळ्यात सहा आठवडे काम करायला एक विद्यार्थी घेणार होते. आपल्या कॉलेजातून एकच नाव पाठवता येईल, सोबत प्रकल्पाचा अहवाल. तिथे टिकला त्याला पुढे शिकायची वाट मोकळी. सर एवढंच म्हणाले, "काम दोघे जण करा. कोनी काय करं, ते सरळ लिखा. त्याना वर ठरी."

पहिला डाव माझा होता. चाळीस नॅनोसेकंद, पाचाने भागले, आठ मीटर. मी टेपने मोजून आठ मीटर केबल कापली आणि स्फटिकाच्या, म्हणजे मागे पडणाऱ्या सिग्नलच्या वाटेत घातली. गडबड त्या बाजूला होती, तेव्हा दुरुस्तीही त्याच बाजूला हवी, असं मला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, मी विचारच केला नाही. पेटी सुरू केली. आकडा हलेना. मी स्रोताला दोष दिला. मग पेटीला. तिसऱ्या दिवशी दिलवरने बसवलेल्या कनेक्टरांना.

"तुझ्या हाताला मिरची असते," मी म्हणालो. "जोडात भुकटी जात असेल."

त्याने स्वतःची बोटं पाहिली. मग केबल पाहिली. मग थांबला. मी बोटांनी टेबल वाजवत राहिलो.

"हेमंत," तो शेवटी म्हणाला, "हा तर आधीच मागे आहे. याला अजून का थांबवलंस?"

मी केबलकडे पाहिलं.

"आम्ही डोंगरातून मोलगीच्या बाजाराला येतो ना, तेव्हा ज्यांच्या डोक्यावर ओझं असतं ते मागे राहतात. मग पुढे गेलेले नाल्यापाशी दगडावर बसतात. सगळे आले की सोबत बाजारात शिरतो. मागच्याला कोण थांबवतं? पुढच्याने थांबायचं."

मी चाळीसचा उशीर ऐंशीवर नेऊन ठेवला होता.

त्याने माझी केबल काढली. नेमका उशीर शोधायचा तर लांबी थोडी थोडी वाढवत जायला हवी होती, आणि त्यासाठी सारखे तुकडे हवे होते. टेप त्या वेळी माझ्या दप्तरात होती. त्याने मागितली नाही, मी काढून दिली नाही. त्याने केबलच्या रिळाचं टोक डाव्या मुठीत धरलं, दोन्ही हात आडवे पसरले आणि उजव्या हाताच्या बोटापाशी कापलं. एक वाव. पुन्हा हात पसरले, पुन्हा कापलं. कुंपणापलीकडे त्याचे वडील पथारीवर दोरीने वाफे आखत तेही असेच, हात पसरून, वाव मोजत. दोघांची छाती पुढे काढायची ढब एकच होती. दिलवरने असे नऊ तुकडे केले, टोकांना कनेक्टर बसवले आणि प्रत्येक जोडापाशी लाल दोऱ्याची गाठ मारली, म्हणजे न बघता हाताने मोजता यावेत.

मग पुढच्या तीन दुपारी आम्ही प्लास्टिकच्या वाटेत एकेक वाव वाढवत गेलो. प्रत्येक वेळी दहा मिनिटं मोजणी. एक वाव, आकडा किंचित. दोन वाव, थोडा जास्त. चौथ्या वावेला आकडे भराभर पडू लागले. पाचव्या वावेला सगळ्यात जास्त. सहाव्या वावेला उतरले. कागदावर ठिपके जोडले तेव्हा मधोमध उंच, दोन्हीकडे उतरता असा आलेख निघाला.

"हा आमच्या पाड्यामागचा डोंगर," दिलवर म्हणाला.

बोरसे सरांनी आलेख खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग दिलवरच्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत तो हात माझ्या खांद्यावर आला नव्हता. त्या दुपारी उन्हाची तिरीप कुठे पडली होती, पुठ्ठ्यावर कोणत्या कंपनीच्या बिस्किटांचं चित्र होतं, सरांच्या बाहीला किती ठिकाणी खडू लागला होता, हे सगळं मला सांगता येईल.

मी दिलवरला म्हणालो, "अहवाल मी लिहितो. तुझं इंग्रजी जरा मागे आहे."

तो म्हणाला, "लिही. तू चांगलं लिहितोस."

त्याच्या वहीत लाल बोटांचे ठसे होते, आणि केबलची लांबी वावेत लिहिलेली. मी स्वच्छ प्रत केली. वाव चालणार नव्हती, मीटर हवे होते. म्हणून एका सकाळी मीच त्याला हात पसरायला लावले आणि टेप धरली. एक मीटर बासष्ट सेंटिमीटर. त्याप्रमाणे तक्ता केला. एक पूर्णांक बासष्ट, तीन पूर्णांक चोवीस, असं करत पाचव्या ओळीला आठ पूर्णांक दहा.

तिसऱ्या पानावर कार्यवाटप होतं. तिथे मी लिहिलं, सिग्नलच्या उशिराची निश्चिती आणि केबलची रचना: हेमंत. स्रोत हाताळणी आणि आकड्यांची नोंद: दिलवर. खाली दोघांच्या सह्यांची जागा.

सही घ्यायला मी पथारीवर गेलो. दुपारी आभाळ भरून आलं होतं. सुकत आलेल्या मिरचीवर पाण्याचा थेंब पडला की ती काळी पडते, मग त्या मालाला कोणी विचारत नाही. सगळी पथारी धावत होती. बाया सुपांनी ढीग ओढत होत्या, पुरुष ताडपत्र्या पसरत होते. दिलवर ताडपत्रीच्या एका टोकाला होता. त्याची आई दुसरं टोक एकटीच धरून होती. मला कागद घेऊन उभा पाहून ती म्हणाली, "हात लाव ना, भाऊ."

मी म्हणालो, "सही तेवढी हवी होती. आज पाठवायचंय."

दिलवरने विजारीला हात पुसले, भरलेल्या पोत्यावर कागद ठेवून सही केली आणि पळत ताडपत्रीकडे गेला. वाचलं नाही. कागदाच्या कडेला लाल बोट उमटलं. घरी येऊन ते मी खोडरबराने काढलं. कागद थोडा विरला.

पाऊस आलाच नाही. ढग तापीकडे निघून गेले.

सरांनी पान वाचून मला विचारलं, "डिले कोनी बसाडा?"

"मी, सर."

सरांनी खुंटीवर टांगलेल्या केबलकडे पाहिलं, लाल गाठींकडे. मग खालच्या दोन सह्यांकडे. अहवाल पाकिटात घातला.

प्रवेगक केंद्रात पहिल्या दिवशी मला एका वयस्क इंजिनिअर मॅडमसमोर बसवलं. त्यांनी अहवाल आधीच वाचलेला होता. तक्त्यावर पेन्सिल ठेवून त्यांनी हिंदीत विचारलं, "टेपने मोजताना माणूस दीड मीटर घेतो, दोन मीटर घेतो. एक पूर्णांक बासष्ट कुठून आलं?"

मी म्हणालो, "केबलचे तुकडे तेवढेच होते, मॅडम."

"नऊच्या नऊ?"

"हो."

त्या थोडं हसल्या. "आमच्याकडचे जुने तंत्रज्ञही असंच मोजायचे. हे कोणाच्या तरी हातांचं माप आहे. जरा उभा राहा. हात पसर."

मी हात पसरले. त्यांनी टेबलाच्या खणातून टेप काढली आणि एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत धरली. एक मीटर चौऱ्याहत्तर. त्यांनी ते कुठे लिहून घेतलं नाही. "ठीक आहे," म्हणाल्या, आणि मला काम दिलं.

काम तेच होतं, फक्त मोठं. भिंतभर डिटेक्टर, प्रत्येकाचा सिग्नल वेगळ्या वेळी येणारा, आणि प्रत्येकाला पडद्यावर योग्य उशीर नेमून द्यायचा, म्हणजे एकाच टकरीतून निघालेले सगळे सिग्नल एकाच फटीत सोबत पोचतील. मॅडम शेजारी बसत. कोणता सिग्नल सगळ्यात मागे आहे ते आधी पाहा, म्हणत. माझी बोटं त्याआधीच आकडा टाकून मोकळी होत. सहा आठवडे त्यांनी मला एकदाही रागावलं नाही. शेवटी प्रमाणपत्र दिलं. पुन्हा ये, असं म्हणाल्या नाहीत.

परत आल्यावर एका दैनिकाला नंदुरबारसाठी माणूस हवा होता. घाई तिथे उपयोगी पडते. पहिल्याच महिन्यात माझ्या बातम्या सगळ्यांच्या आधी जाऊ लागल्या.

दिलवरला दुसरी संधी दोन वर्षांनी मिळाली. सरांनीच पत्र लिहिलं. मधले दोन हंगाम तो आईवडिलांसोबत पथारीवर होता. मी मिरचीचे फोटो काढायला जाई तेव्हा तो कधी कधी चौकटीत येई. मी कॅमेरा जरा बाजूला घेई.

पुढचं सगळं कानावर येत राहिलं. तो त्याच केंद्रात लागला. मग परदेशी जाऊन आला. मग एका मोठ्या प्रयोगाची सिग्नलव्यवस्था त्याच्या हाताखाली गेली. प्रत्येक बातमी मला दुसऱ्याकडून कळे, आणि सांगणारा म्हणे, "तुझा मित्र ना तो?" मी हो म्हणे. ज्याचं मी घेतलं होतं त्याचाच मत्सर करायचा मला काय अधिकार, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. उत्तर माहीत असूनही फरक पडला नाही.

यंदा कॉलेजने नवी प्रयोगशाळा उभारली. डिटेक्टर, संगणक, सगळं नवं. ती लावून द्यायला आणि मुलांशी बोलायला दिलवर आला. संपादकांनी मला फोन केला, "तुमच्या भागातला शास्त्रज्ञ आहे, अर्धा कॉलम द्या."

सभागृह भरलं होतं. एका मुलीने प्रश्न विचारला. दिलवर थांबला. तस्साच. मी मागच्या रांगेत होतो. त्या शांततेत कोणी खोकलंसुद्धा नाही. मुलं वह्या उघडून वाट पाहत होती. पूर्वी याच थांबण्याला गाव मंद म्हणायचं. आता त्याला विचार म्हणतात. वहीत मी उत्तर लिहून घेतलं, आणि शेजारी ते किती सेकंदांनी आलं तेही. दुसऱ्या आकड्याची बातमीला गरज नव्हती.

कार्यक्रमानंतर बोरसे सर आम्हा दोघांना जुन्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. सर आता काठी टेकतात. पुठ्ठ्याच्या जागी काच आली आहे, पण ठसका आत येतो. खुंटीवर केबल तशीच होती, पाच तुकडे एकमेकांना जोडलेले. धुळीने काळी पडलेली, दोऱ्याचा लाल रंग विटलेला.

दिलवरने केबल काढून बोटांनी गाठी मोजल्या. मग एक तुकडा धरून हात पसरले.

"अजून तेवढीच आहे," तो म्हणाला.

सर बाकावर बसले. शेवटी मीच बोललो, कारण शांतता मला कधीच सहन झालेली नाही.

"अहवालात मी वेगळं लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर. हे काम माझं म्हणून."

दिलवर थांबला. मी टेबल वाजवलं नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"सरांनी सांगितलं?"

"मन्हाकडे काबर देखस?" सर म्हणाले. "दोन सह्या व्हत्यात. मी काय बोलू?"

"मॅडमनी," दिलवर म्हणाला. "मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, नंदुरबार? मी हो म्हणालो. नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, उभा राहा, हात पसर. खणातून टेप काढली. मोजलं. मग म्हणाल्या, आलास का. दोन वर्षं उशीर झाला."

तो हसला. मला हसता आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते सहा आठवडे आले. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्या बाई, न रागावणाऱ्या. मी तिथे असताना त्या पूर्ण वेळ दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत होत्या.

"तू तेव्हा काही बोलला का नाहीस?" मी विचारलं. "सही करताना वाचलं असतंस तरी—"

"मिरची भिजणार होती, हेमंत." त्याने केबलची गुंडाळी केली. "कागद कोण वाचतो?"

मग ती खुंटीला लावत म्हणाला, "ते दोन हंगाम आई ताडपत्री एकटी धरत नव्हती. तेवढं झालं."

त्याने हे वाक्य तक्रार म्हणून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आता मला त्या दोन हंगामांचाही मत्सर वाटतो.

निघताना सर काठी टेकत दारापर्यंत आले. माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "आते तरी बरोबर लिख."

बातमी मी संध्याकाळीच पाठवली. शेवटच्या परिच्छेदात चार ओळी होत्या, कॉलेजमधल्या त्या जुन्या प्रयोगाचं श्रेय कोणाचं याबद्दल. सकाळी अंक उघडला. फोटो होता, अर्धा कॉलम होता, शेवटचा परिच्छेद नव्हता. उपसंपादकाला फोन केला. तो म्हणाला, "जागा नव्हती, दादा. आणि इतक्या जुन्या प्रयोगाचं आता कोणाला काय?"

त्याच्या जागी मीही तेच कापलं असतं. चुकीची माहिती छापून आली तर वर्तमानपत्र दुरुस्ती छापतं, त्याच पानावर, लहान टायपात, कारण न देता. माझी चूक वर्तमानपत्रात नव्हती, म्हणून दुरुस्तीही तिथे बसली नाही. तेव्हा ती इथे देतो.

त्या अहवालाच्या तिसऱ्या पानावरील मजकूर पुढीलप्रमाणे वाचावा. केबल दिलवरने मोजली. उशीर दिलवरने बसवला. हेमंतने तो दोनदा चुकीच्या बाजूला घातला, पहिल्यांदा आठ मीटर आणि दुसऱ्यांदा दोन वर्षं. दोन्ही वेळा थांबायला हवं होतं ते पुढच्याने.

काल पुन्हा पथारीवरून गेलो. आभाळ स्वच्छ होतं, ताडपत्र्या कडेला घडी करून ठेवलेल्या. एक म्हातारा हात पसरून दोरीने नवा वाफा आखत होता. मोटारसायकल उभी करून मी दुरूनच, कोणी बघत नाही असं पाहून, हात पसरले. माझी वाव दिलवरपेक्षा बारा सेंटिमीटरने मोठी आहे. तिने मी अजून काहीच मोजलेलं नाही.